पक्षाघात आणि खुब्याचं फ्रॅक्चर : दवाखान्यातून घरी आल्यावरची शुश्रूषा

घरातलं माणूस पक्षाघातातून वाचून घरी आलं की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि बहुतेक प्रत्येक जण एखादं तेल सांगून जातो. कुणी अमक्या गावचं औषध सांगतं, कुणी कबुतराच्या रक्ताचं मालिश सांगतं. कोल्हापूर तालमींचं गाव असल्यामुळे चोळण्या-मळण्यावर इथल्या माणसाचा विश्वास जरा जास्तच. परिचारिका म्हणून मी अशा घरांत बघत आले आहे की सगळ्यांचे हात तेलात गुंतलेले असतात आणि ज्या जागा खरंच जपायच्या त्या तशाच राहतात. त्या जागा तीन : पाठीची कातडी, घशाखाली उतरणारा घास आणि लुळ्या बाजूचा खांदा. माणूस दवाखान्यात वाचतो, पण या तीन जागा घरी आल्यावर बिघडतात. त्या टिकवणं घरच्यांना पूर्णपणे जमण्यासारखं आहे, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यावरच आहे.

आधी पहिल्या तासांबद्दल

ज्याला एकदा पक्षाघाताचा झटका आला त्याला पुन्हा येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून हे घरात सगळ्यांना पाठ हवं. तोंड एका बाजूला ओघळलं आहे का, दोन्ही हात पुढे धरायला सांगितल्यावर एक खाली येतो का, बोलणं बोबडं किंवा असंबद्ध झालं आहे का, ते पाहायचं. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. “जरा पडू दे, सकाळी बघूया” या वाक्याने फार माणसं कायमची अंथरुणाला खिळली आहेत. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. निकषांत बसणाऱ्या काही रुग्णांची गुठळी नळी घालून त्यानंतरही काढता येते, पण त्या भरवशावर थांबायचं नाही. मोठी गुठळी अडकलेली असेल तर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, “शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?” त्रास कधी लक्षात आला, हे त्याचं उत्तर नव्हे. माणूस रात्री दहाला नीट झोपला आणि सकाळी सहाला हात उचलेना, तर वेळ रात्री दहाची धरतात. ती कागदावर लिहून घ्या. तोंडाने काही देऊ नका, अगदी पाणीसुद्धा. ॲस्पिरिन देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन घातक ठरतं. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. मधुमेह असेल तर मात्र घरच्या मशिनवर साखर बघा, कारण साखर उतरली तरी हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात.

गगनबावडा, राधानगरी, आजरा इकडच्या लोकांनी आजच ठरवून ठेवावं की अशा वेळी कुठे जायचं. जवळचा दवाखाना म्हणजे उपयोगाचा दवाखाना असं नाही. सीटी स्कॅन चोवीस तास चालू आहे का आणि हे इंजेक्शन तिथे मिळतं का, हे दोनच प्रश्न आधी विचारून ठेवा. चंदगडकडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं, हेही ध्यानात असू द्या.

कूस बदलणं

आपण झोपेतही नकळत अंग हलवतो. लुळं पडलेलं अंग हलत नाही, आणि अनेकदा तिथे दुखल्याचं कळतही नाही. हाडाच्या टोकावरची कातडी गादी आणि हाड यांच्यात दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो, आणि काही तासांतच जखमेला सुरुवात होऊ शकते. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोट्याची बाहेरची बाजू, कोपर, कानाची पाळी आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज बघायच्या. सकाळी अंग पुसताना खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली लाली चुकते.

लाल ठिपका दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडला आणि मग पुन्हा लाल झाला, तर त्या जागेवरचा भार काढून लक्ष ठेवा. दाबूनही लालच राहिला तर जखमेला सुरुवात झाली आहे, मग वरून कातडी अखंड का दिसेना. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागणारी जागा शोधायची. अशा जागेवर चोळायचं मुळीच नाही. तेल लावून रगडलं की आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आणखी फाटतात. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही वापरू नका, तिच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो.

दर दोन तासांनी कूस. वेळ लक्षात राहत नाही, म्हणून भिंतीवर कागद चिकटवा : सहा वाजता डावी, आठला पाठ, दहाला उजवी, आणि पुढे तसंच. ज्याने कूस बदलली त्याने पुढे खूण करायची. पूर्ण आडवं करण्यापेक्षा पाठीमागे उशी सरकवून साधारण ३० अंश कलतं ठेवलं तर खुब्याच्या टोकावर भार येत नाही. हवेची गादी घेतली असेल तर चांगलंच आहे, पण ती कूस बदलण्याच्या जागी नसते, जोडीला असते. ती आणल्यावर कूस बदलणं सोडून दिलेली घरं मी पाहिली आहेत, आणि जखमाही. कातडी उत्तम असेल तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कोणत्या कुशीवर काय, हे असं. चांगल्या कुशीवर झोपवताना लुळा हात छातीपुढे उशीवर ठेवा आणि लुळा पाय गुडघ्यात दुमडून दुसऱ्या उशीवर. लुळ्या कुशीवरही झोपवता येतं, त्याची भीती नको, उलट त्या अंगाला जाणीव मिळते. फक्त तो खांदा थोडा पुढे ओढून घ्यायचा, म्हणजे माणूस खांद्याच्या टोकावर पडणार नाही. हा खांदा पुढे घेताना दंड धरून ओढू नका, पाठीमागून खवाट्याखाली, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाखाली, हात घालून सरकवा. उताणं असेल तेव्हा लुळ्या खांद्याखाली आणि हाताखाली उशी घाला. पोटऱ्यांखाली पातळ उशी ठेवा, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. गुडघ्यांखाली मात्र जाड लोड कायमचा ठेवू नका, गुडघे वाकड्या स्थितीत आखडतात. वर सरकवायचं असेल तर दोघांनी चादरीसकट उचलून सरकवा. फरफटत ओढलं की कातडी सोलवटते. पोत्यासारखी जाडीभरडी गोधडी, खालची चुरगळलेली चादर आणि अंथरुणात राहिलेला भाकरीचा तुकडा हेसुद्धा जखमेला पुरतात.

घास

पक्षाघातानंतर बऱ्याच जणांचं गिळणं बिघडलेलं असतं. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि कधी कधी ठसकाही न लागता तसं होतं. म्हणून दवाखान्यातून निघताना एक प्रश्न विचाराच : “यांचं गिळणं तपासलंय का, आणि काय पातळ-घट्ट द्यायचं?”

घरच्यांना सगळ्यात अवघड वाटतं ते हे, की सर्वात धोक्याचं असतं ते साधं पाणी. पातळ पदार्थ झपकन घशात उतरतो, कमजोर स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे पातळ आणि चावायचं एकत्र असलेलं : रश्श्यात कुस्करलेली भाकरी, मिसळ, दुधातले चिरमुरे. रसा आधी घशात पळतो आणि चोथा तोंडात राहतो. द्यायचं ते एकसारखं, मऊ, चमच्यावर थांबेल असं : गुरगुट्या भात मोडून, घट्ट आंबील, नाचणीची घट्ट खीर, कुस्करलेलं केळं, घोटलेलं वरण. पाणी आणि चहा किती घट्ट करायचे ते डॉक्टरांनी किंवा वाचा-उपचार करणाऱ्यांनी सांगितलं असेल तसंच करा.

भरवताना पूर्ण ताठ बसवा. कॉटवर मागे रेलून भरवू नका. हनुवटी किंचित छातीकडे, चमचा लहान, घास तोंडाच्या चांगल्या बाजूला ठेवायचा. भरवणाऱ्याने समोर बसावं, उभं राहून भरवलं की रुग्णाला मान वर करावी लागते आणि श्वासनलिका उघडी पडते. एक घास पूर्ण गिळला, तोंड रिकामं झालं, मग दुसरा. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, तो बोटाने नव्हे, ओल्या कापसाने किंवा मऊ ब्रशने काढा. टीव्ही बंद, गप्पा बंद. जेवल्यावर अर्धा तास तरी बसवूनच ठेवा. घास गिळताना ठसका, गिळल्यावर आवाज घोगरा-ओलसर होणं, डोळ्यांतून पाणी, दम लागणं, किंवा जेवणानंतर येणारा ताप, यातलं काही दिसलं की तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना फोन करा.

तोंड दिवसातून किमान दोनदा स्वच्छ करायचं, तोंडाने खात नसलेल्यांचं तर आवर्जून. घाण तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात.

नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी असेल तर दर वेळी आधी नाकपुडीजवळची खूण बघा. खूण सरकलेली असेल तर काहीही घालू नका, दवाखान्याला विचारा. डोकं किमान ३० ते ४५ अंश वर, सिरिंजने जोर न लावता अन्न आपोआप खाली उतरू द्यायचं, आणि अन्नाच्या आधी व नंतर थोडं कोमट पाणी घालून नळी धुवायची. नंतर तासभर आडवं करायचं नाही. गोळ्या कुटण्याआधी औषध-दुकानदाराला विचारा, काही गोळ्या कुटल्याने एकदम विरघळतात आणि अपाय करतात.

मिठाचं एक सांगते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून चहाचा जेमतेम एक चमचा. खर्डा, लोणचं, पापड, फरसाण यांच्यासकट. आपल्याकडच्या जेवणात हे कठीण आहे, पण रक्तदाब ताब्यात ठेवायचा असेल तर इलाज नाही.

खांदा, आणि माणूस उठवणं

लुळ्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, सांध्याचा गोळा खोबणीत फक्त आवरणाच्या आधाराने थांबलेला असतो. अशा वेळी “आण्णा, उठा” म्हणत कुणीतरी प्रेमाने तोच हात धरून वर ओढतं. खांदा निसटतो, मग दुखतो, आणि दुखल्यामुळे व्यायाम बंद पडतो. काखेत हात घालून उचलणंही तितकंच वाईट. घरातल्या सगळ्यांना, अगदी भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही, सांगा : तो हात ओढायचा नाही.

उठवण्याची पद्धत अशी. लुळ्या हाताचा भार धरून माणसाला चांगल्या कुशीवर वळवा, दोन्ही पाय कॉटखाली सोडा, आणि चांगल्या हाताने कॉट रेटत तो स्वतः उठेल असं बघा. तुमचा एक हात त्याच्या खवाट्यामागे, दुसरा कमरेशी. बसल्यावर लगेच उभं करू नका, दोन मिनिटं थांबा, चक्कर येते का विचारा. पाऊलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत, कॉट उंच असेल तर खाली पाट द्या. खुर्ची चांगल्या बाजूला, कॉटला लागून, चाकांची असेल तर ब्रेक लावून. रुग्णाच्या कमरेला रुंद मजबूत पट्टा बांधा आणि तो पट्टा धरा, हात नव्हे. तुमचा गुडघा त्याच्या कमजोर गुडघ्याला समोरून टेकवून ठेवा, म्हणजे पाय लटपटला तरी तो कोसळणार नाही. मग “नाक पायाच्या बोटांवर आणा” असं सांगा. पुढे झुकल्यावरच उभं राहणं सोपं होतं. उभा राहिला की चांगल्या बाजूने वळून खुर्ची मागून मांडीला टेकल्यावरच बसवा. घरात एकटंच कुणी असेल आणि रुग्ण भारी असेल तर हे एकट्याने करू नका. सांभाळणाऱ्याची कंबर गेली की दोघंही अडतात.

हाता-पायाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे रोज दोन-तीन वेळा. सगळे सांधे सावकाश, दुखण्यापर्यंत कधीच नाही. लुळा खांदा डोक्यावर नेण्याचा व्यायाम शिकवल्याशिवाय करू नका. मूठ घट्ट आवळली जात असेल तर दाबायला चेंडू देऊ नका, आवळण्याचाच सराव होतो. बोटं उघडण्याचा सराव हवा.

बोलणं गेलेल्या माणसाचं समजणं गेलंय असं धरू नका. त्याच्यासमोर त्याच्या आजाराची, पैशांची चर्चा करू नका. हो किंवा नाही असं उत्तर येईल असे छोटे प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. डाव्या बाजूचं भान गेलेला माणूस ताटातला डावीकडचा अर्धा भाग सोडून देतो, त्याला हट्टी म्हणू नका, ताट फिरवा. उगाच रडणं, खाणं-बोलणं सोडणं हेही मेंदूच्या आजाराचाच भाग असू शकतं आणि त्यावर औषधं आहेत. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

लघवीची नळी असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी, पण फरशीवर टेकलेली नको. नळीला पीळ नको. लघवी गढूळ झाली, वास मारू लागली, ताप आला, तर फोन करा. पाठीच्या मणक्याच्या वरच्या भागाला इजा झालेल्या माणसाला अचानक फाडकन डोकं दुखून घाम फुटला आणि रक्तदाब चढला, तर आधी त्याला ताठ बसवा, नळी अडकली आहे का बघा आणि लगेच मदत मागवा. हे जिवावर बेतू शकतं.

फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, वेळ बघा. तोंडात चमचा घालू नका, हात-पाय दाबून धरू नका, कांदा किंवा चप्पल नाकाशी धरू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली आणि दुखू लागली तर ती चोळू नका. आत गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती फुप्फुसाकडे सुटते.

खुबा आणि प्लास्टर

ओल्या शहाबादी फरशीवर किंवा मोरीच्या उंबऱ्यावर पाय घसरून पडलेलं वयस्कर माणूस उभं राहू शकत नसेल, आणि एक पाय आखूड झालेला व बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचं हाड मोडलं आहे असंच समजा. उभं करायचा प्रयत्न नको, पाय सरळ करायला ओढायचा नाही, हाड बसवणाऱ्याकडे तर नाहीच. शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर पुढचे त्रास कमी होतात, म्हणून ‘वय झालंय, नको’ हा निर्णय डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका.

खुब्याच्या सांध्याचा गोळा बदलला असेल आणि शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल, तर साधारण ६ ते १२ आठवडे तीन गोष्टी टाळायच्या : कंबर ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, आणि पाऊल आतल्या बाजूला वळवणं. म्हणजे पाटावर बसणं नाही, भारतीय संडास नाही, खाली पडलेली काठी स्वतः उचलणं नाही. कमोडवर उंच बैठक बसवा, खुर्ची उंच आणि हातांची घ्या, झोपताना दोन पायांमध्ये उशी ठेवा. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली आणि पायावर किती भार टाकायचा, हे शल्यचिकित्सकांकडून लिहून घ्या, कारण स्क्रू किंवा रॉड बसवलेल्यांचे नियम वेगळे असतात.

वॉकरने चालताना आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढे काठीवर आल्यावर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. घरातही सपाट, मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणं हवीत. कोल्हापुरी चप्पल मला जिवापाड आवडते, पण तिचा तळ कातड्याचा, ओल्या फरशीवर ती सटकते.

प्लास्टर झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो हात किंवा पाय छातीच्या पातळीहून वर ठेवा आणि बोटं वारंवार हलवायला सांगा. औषधानेही न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं, बोटं ओढल्यावर असह्य कळ, मुंग्या, बोटं फिकट-गार पडणं, ती हलेनाशी होणं : यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका. आत दाब वाढून स्नायू काही तासांत मरतात. वेताच्या कामट्या लावून करकचून बांधलेल्या गावठी पट्टीतही नेमकं हेच होतं. खाज आली म्हणून प्लास्टरमध्ये विणकामाची सुई किंवा पट्टी घालू नका. पावसाळी हवेत साधं प्लास्टर वाळायला तीन दिवसही लागतात, तोवर ते बोटांनी दाबायचं नाही, तळहातावर पेलायचं, आणि पांघरुणाखाली झाकायचं नाही.

शस्त्रक्रियेनंतर हाडांच्या ठिसूळपणाचं औषध आणि जीवनसत्त्व ‘ड’ याबद्दल विचाराच, नाहीतर दुसऱ्या बाजूचा खुबा वाट बघत असतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा भाकरी आणि आंबील दोन्ही उपयोगी.

खर्च, पाळ्या आणि पूर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा, घरी जाताना नाही. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. कायमचं अपंगत्व राहिलं तर प्रमाणपत्राची चौकशी तिथे करा.

बहुतेक घरांत ही सगळी सेवा एकट्या सुनेच्या नाहीतर लेकीच्या गळ्यात पडते. हे मला पटत नाही, आणि रुग्णाच्याही हिताचं नाही. रात्रीचं कूस बदलणं मुलाने घ्यावं, दुपारचा घास नातवाने. कागदावर पाळ्या लिहा आणि आठवड्यातून एक दिवस तिला पूर्ण मोकळी सोडा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेने रस्ते अडवले, महामार्ग बंद पडला, कित्येक भागांत वीज गेली. वीज गेली की हवेच्या गादीतली हवा उतरते आणि रुग्ण लोखंडी पट्ट्यांवर येतो, म्हणून जाड फोमची गादी हाताशी ठेवा. जून लागायच्या आत दोन-तीन आठवड्यांची औषधं, लघवीच्या जादा पिशव्या, नाकातल्या नळीसाठी सिरिंज घरात भरून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकू नये. नदीकाठच्या घरांनी पाणी चढायची वाट न बघता रुग्णाला आधीच नातेवाइकांकडे हलवावं, कारण पुराच्या पाण्यातून अंथरुणावरचं माणूस होडीत चढवणं फार जिकिरीचं असतं. सीटी स्कॅनचा अहवाल, औषधांची यादी, शेवटच्या रक्तदाबाच्या नोंदी आणि योजनेचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती रुग्णाच्या सामानातच ठेवा, आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या.